टीव्ही, इंटरनेट आणि आपलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि घरातली वडीलधारी मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. काही दोन-चार ओळींत संपतात.

एका शब्दात सांगा, टीव्ही आणि इंटरनेट चांगलं की वाईट?

एका शब्दात सांगता येत नाही. १९६९ हे एकच वर्ष घ्या. जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि जगभरातल्या अंदाजे साठ कोटी लोकांनी तो क्षण टीव्हीवर पाहिला. २९ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातल्या एका संगणकावरून दुसऱ्या गावातल्या संगणकाकडे पहिला संदेश गेला. 'लॉगिन' असं टाइप करायचं होतं, पण 'एल' आणि 'ओ' ही दोनच अक्षरं पोचली आणि यंत्रणा कोलमडली. आजच्या इंटरनेटचं ते पहिलं पाऊल. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांना अक्षरं आणि आकडे शिकवणारा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी त्याच पडद्यांवर जाहिरातींचा मारा आणि गोळीबाराचे प्रसंगही चालूच होते.

म्हणून 'चांगलं की वाईट' असं कुणी विचारलं की मी उलट तीन गोष्टी विचारते. पडद्यावर काय चाललंय? बघणाऱ्याच्या शेजारी कोण बसलंय? आणि हा पडदा नसता तर या वेळात काय झालं असतं? तिसरा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. एकट्या राहणाऱ्या आजींचे टीव्हीसमोरचे दोन तास घरातल्या शांततेची जागा घेतात. तीन वर्षांच्या मुलाचे तेवढेच दोन तास खेळण्याची, धडपडण्याची, प्रश्न विचारून भंडावून सोडण्याची जागा घेतात. घड्याळात दोन्ही सारखेच दिसतात.

टीव्ही आणि इंटरनेट, दोन्हींचा परिणाम सारखाच का?

नाही. टीव्हीचा कार्यक्रम संपायचा. मालिका अर्ध्या तासाची, बातम्या ठरलेल्या वेळी. सगळं घर एकच गोष्ट बघायचं, त्यामुळे 'हे काय दाखवतायत!' असं कुणीतरी मोठ्याने म्हणायचं आणि मुलांच्या कानावर ते पडायचं. त्या एका वाक्यात बरंच शिक्षण असायचं.

मोबाइलवर प्रत्येकाचा पडदा वेगळा, आणि त्याला शेवट नाही. पान खाली सरकवत राहिलं की पुढचा मजकूर आपोआप येत राहतो, ही सोय २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने तयार केली. तिच्यामुळे लोकांचा किती वेळ जातो हे पाहून पुढे त्याने जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान संपणं ही माणसाला मिळणारी उसंत असते. 'आता पुरे' हा विचार त्या उसंतीत येतो. ती उसंतच काढून घेतली आहे, हे नीट समजून घ्या. तुमचा मुलगा 'एकच व्हिडिओ' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पहिला संपायच्या आत दुसरा सुरू होतो.

इंटरनेटची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. टीव्ही फक्त दाखवतो, इंटरनेटवर आपण बोलू शकतो. कर्णबधिर माणसाला दूरच्या मित्राशी खुणांच्या भाषेत गप्पा मारता येतात, त्या व्हिडिओ कॉलमुळे. मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे अंध विद्यार्थी कुणाची वाट न पाहता स्वतः वाचतो. संगणकतज्ज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सुचवलेलं वर्ल्ड वाइड वेब, म्हणजे इंटरनेटवरची पानं एकमेकांना जोडणारं जाळं, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. तो निर्णय झाला नसता तर यातलं किती आपल्यापर्यंत पोचलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

मुलांना रोज किती वेळ पडदा चालेल?

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको. एक वर्षाच्या मुलालाही बसून पडदा बघायला लावू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम.

मोठ्या मुलांसाठी मी आकडा सांगत नाही, कारण तो आकडा घरात भांडणाचं निमित्त होतो. त्याऐवजी दिवस बघा. झोप पुरी झाली का? अंगाला घाम येईल असं काही केलं का? अभ्यास झाला का? घरच्या माणसांशी चार शब्द बोलणं झालं का? हे सगळं होऊन उरलेल्या वेळात पडदा असेल तर घाबरू नका. यातली एक गोष्ट रोज मागे पडत असेल, तर पडद्याचा वेळ अर्धा तास असला तरी तो जास्तच आहे.

आमचं बाळ वर्षाचं आहे. गाण्यांचे व्हिडिओ बघून लवकर बोलायला लागेल ना?

हा समज फार पसरलेला आहे. त्याबद्दल २००३ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक सुंदर प्रयोग सांगते. ज्यांच्या घरी फक्त इंग्रजी बोलली जाते अशी नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं त्यांनी घेतली. काही बाळांसोबत एक माणूस प्रत्यक्ष बसून मँडरिन चिनी भाषेत बोलला, खेळला, पुस्तकं वाचली. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या बाळांना तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. पहिल्या गटातली बाळं मँडरिनमधले ध्वनी ओळखू लागली. व्हिडिओ पाहिलेल्या बाळांनी काहीच उचललं नाही. माणसं तीच, शब्द तेच, फरक फक्त पडद्याचा.

बाळ बघतं, मग आपण त्याच्याकडे बघतो, ते हुंकार देतं, आपण त्याला उत्तर देतो. या देवाणघेवाणीतून भाषा येते. पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. दूर असलेल्या आजी-आजोबांशी केलेला व्हिडिओ कॉल याला अपवाद आहे, कारण तिथे पलीकडून उत्तर येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या सूचनांमध्ये दीड वर्षाखालच्या मुलांसाठी व्हिडिओ कॉल तेवढा मोकळा ठेवला आहे.

टीव्ही नुसता चालू असतो, मूल बघतही नाही. त्याने काय होतं?

होतं. आणि हे घरोघर घडतं म्हणून सांगायलाच हवं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांच्या कपड्यात छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं ठेवून घरातलं बोलणं मोजलं. टीव्हीचा आवाज कानावर पडणाऱ्या प्रत्येक तासामागे मुलाला मोठ्यांच्या तोंडचे सरासरी ७७० शब्द कमी ऐकू आले. टीव्ही घरातल्या मोठ्यांना गप्प करत होता. कुणी बघत नसेल तर बंद करा. याला पैसे लागत नाहीत आणि कुणाशी भांडावंही लागत नाही.

व्हिडिओ लावल्याशिवाय मूल घास घेत नाही. काय करू?

आधी स्वतःला दोष देणं थांबवा. दिवसभर दमलेल्या माणसाने शोधलेला तो मार्ग आहे. पण पडद्याकडे बघणाऱ्या मुलाला आपलं पोट भरलंय की नाही याचा पत्ता लागत नाही, आणि ती जाण लहानपणीच घडत असते. एकदम सगळं बंद करू नका. दिवसातलं एकच जेवण निवडा, ज्या वेळी घरातलं आणखी कुणी मुलासोबत बसू शकेल. पहिले काही दिवस मूल कमी खाईल आणि रडेल. निरोगी मूल काही दिवस थोडं कमी जेवलं तर बिघडत नाही. वजन कमी होतंय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा.

मारामारी बघून मुलं मारकुटी होतात का?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांना एका मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला बदडताना दाखवलं. नंतर मुलांनीही बाहुलीला तसंच बदडलं, अगदी त्याच पद्धतीने. १९६३ च्या प्रयोगात हे पडद्यावर पाहिलेल्या मुलांनीही तेच केलं. यावरून अनुकरण सिद्ध झालं. पण बाहुलीला मारणं आणि वर्गातल्या मुलाला मारणं यांत फरक आहे, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो रास्त आहे.

मला जास्त बोलका वाटतो तो कॅनडातला अनुभव. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांच्या मधोमध एक गाव होतं, तिथे १९७३ पर्यंत टीव्हीचं प्रक्षेपणच पोचत नव्हतं. संशोधकांनी त्याला 'नोटेल' हे टोपणनाव दिलं. टीव्ही येण्याआधी आणि आल्यावर दोन वर्षांनी त्यांनी गाव तपासलं, आणि आधीपासून टीव्ही असलेल्या दोन गावांशी तुलना केली. खेळाच्या मैदानावरची शारीरिक आणि शाब्दिक भांडणं वाढली होती. मुलांचं वाचन आधी जेवढं सफाईदार होतं तेवढं राहिलं नव्हतं. गावातल्या कार्यक्रमांना जाणंही कमी झालं होतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचं. ही शेवटची गोष्ट वाचून मी थांबले होते. आपण मुलांचीच काळजी करत बसतो, आणि घराबाहेर पडणं थांबतं ते आजोबांचं.

मोठ्यांवरचा आणखी एक परिणाम माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी मांडला. तासन्‌तास टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्याहून जास्त धोक्याचं वाटू लागतं. रोज रात्री गुन्ह्यांच्या बातम्या बघून घरातलं कुणी नातवाला एकट्याने खाली खेळायला सोडत नसेल, तर हे आठवा.

टीव्हीने खरंच काही भलं केलं, असा पुरावा आहे का?

आहे, आणि तो भक्कम आहे. 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाला तेव्हा अमेरिकेत काही भागांत त्याचं प्रक्षेपण स्वच्छ दिसायचं, काही भागांत तांत्रिक कारणाने नीट पकडलंच जात नव्हतं. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच फरक वापरला. जिथे प्रक्षेपण चांगलं होतं तिथली मुलं शाळेत वयाच्या मानाने योग्य इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि हा फायदा गरीब भागांत अधिक दिसला. बालवाडीची फी परवडत नाही अशा घरात टीव्हीने बालवाडीचं थोडंफार काम केलं.

ब्राझीलमध्ये 'रेडे ग्लोबो' या वाहिनीच्या मालिकांतल्या बहुतेक नायिकांना मूल नसे किंवा एकच असे. ही वाहिनी जसजशी नव्या भागांत पोचली तसतशी तिथल्या स्त्रियांना होणाऱ्या मुलांची संख्या घटली. मालिकेतल्या पात्रांची नावं बाळांना ठेवली जाऊ लागली, यावरूनही मालिका घरात किती आत शिरल्या होत्या ते कळतं. भारतातल्या खेड्यांत केबल आल्यावर काय झालं याचा रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नवऱ्याने बायकोला मारणं चालतं असं मानणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण केबल आल्यावर कमी झालं आणि मुलगाच हवा हा हट्टही सैलावला. दुसऱ्या प्रकारचं घर नुसतं नजरेला पडणं हेही काही जणींना पुरेसं होतं.

म्हणजे मालिकांचा परिणाम चांगलाच?

दिसण्याच्या बाबतीत नाही. प्रशांत महासागरातल्या फिजी या देशाच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. संशोधक ॲन बेकर यांनी तिथल्या किशोरवयीन मुलींची पाहणी टीव्ही आल्या आल्या केली आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. खाण्याबाबतच्या विकाराकडे झुकणाऱ्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, नंतर ११.३ टक्के होत्या. भरदार अंगाचं कौतुक करणाऱ्या समाजात हे घडलं.

पडदा 'असंही जगता येतं' हे दाखवतो तेव्हा दार उघडतं. 'असंच दिसायला हवं' असं तो सांगू लागला की तेच दार एखाद्या मुलीवर बंद होतं. घरात मुलगी असेल तर फोटो कसे घासूनपुसून गुळगुळीत केले जातात हे तिला एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

मोबाइलचं व्यसन लागलं असं कधी म्हणायचं?

हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळांबाबतचा विकार आहे, म्हणजे मोबाइल किंवा संगणकावरचे गेम. त्याच्या खुणा तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. हे साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं, आणि त्याने शिक्षण, नाती, काम यांचं ठळक नुकसान झालेलं असावं लागतं. सुट्टीत दिवसभर खेळणारा मुलगा यात बसत नाही. शाळा सोडून, मित्र सोडून, रात्र रात्र जागणारा बसू शकतो. त्याला समुपदेशकाकडे न्या. फोन हिसकावून आपटू नका.

सोशल मीडियामुळे मुलं उदास होतात हे खरं का?

यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून दोन्ही बाजू सांगते. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो किशोरांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. उलट बाजूने, अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी काही प्रौढांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यांचा रोज सरासरी एक तास मोकळा झाला आणि त्यांना थोडं बरं वाटलं. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली.

सरासरीत सगळी मुलं एकत्र मिसळतात. तुमच्या घरातलं मूल सरासरी नाही. रात्री फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा कसा असतो ते बघा. कुणी त्रास देतंय का, चिडवतंय का, फोटो मागतंय का, हे विचारा. 'काहीही झालं तरी मी फोन काढून घेणार नाही, आधी ऐकून घेईन' हे आजच सांगून ठेवा. फोन जाईल या भीतीनेही मुलं छळ लपवतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं उघडायला बंदी लागू केली आहे. बंदीने काय साधतं ते दिसेलच, पण घरातलं हे बोलणं कुठलाही कायदा आपल्यासाठी करून देणार नाही.

झोप आणि डोळे?

झोपण्याआधी उजळणारा पडदा झोप मागे ढकलतो. २०१५ च्या एका छोट्या प्रयोगात बारा जणांनी काही रात्री उजळणाऱ्या पडद्यावर आणि काही रात्री कागदी पुस्तकात वाचलं. पडद्याच्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेच्या मेलाटोनिन या संप्रेरकाची वेळ दीड तास पुढे गेली. माझ्या मते प्रकाशापेक्षाही मोठं कारण 'अजून थोडं' हेच आहे. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करा, गजराला साधं घड्याळ आणा.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे बघा. चष्म्याचा नंबर लागू नये म्हणून मुलांना बाहेर सोडा. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या काही शाळांत रोज ४० मिनिटं बाहेरचा वेळ वाढवला. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसू लागलं, तुलनेसाठी घेतलेल्या बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना.

खोट्या बातम्या घरच्या ग्रुपवर येतात. काकांना कसं समजवायचं?

चारचौघांत नको, फोन करून सांगा. ग्रुपवर चूक दाखवली की माणूस बातमी सोडून स्वतःचा मान वाचवायला लागतो.

खोटं पसरवणारी माणसं वाईट असतात असंही नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासला. पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. याला आपोआप संदेश पसरवणारे संगणकी प्रोग्रॅम जबाबदार नव्हते, माणसंच खोटी बातमी जास्त उत्साहाने पुढे ढकलत होती, कारण ती नवी आणि धक्कादायक वाटत होती. म्हणून काकांना एवढंच सांगा: वाचून छातीत धस्स झालं किंवा राग उसळला, की पुढे पाठवण्याआधी तीच बातमी आणखी दोन ठिकाणी आली आहे का ते बघा. ओटीपी मागणाऱ्या, घाई करणाऱ्या फोनलाही हाच नियम. खरी बँक तासाभराने उलट फोन केला तरी चालेल म्हणते.

मुलगी म्हणते, "आई, तूपण सारखी मोबाइलवर असतेस." काय सांगू?

तिचं बरोबर आहे, हे आधी कबूल करा.

मग एक सवय लावा. पूर्वी कुणी वर्तमानपत्र वाचत असे, कुणी हिशेब लिहीत असे, कुणी पत्र. मूल बघूनच समजायचं की काय चाललंय आणि ते कधी संपेल. आता ही सगळी कामं एकाच चौकोनात गेली आहेत, आणि मुलाला बाहेरून फक्त आईची वाकलेली मान दिसते. म्हणून फोन हातात घेताना मोठ्याने सांगा: "वीजबिल भरतेय, पाच मिनिटं." "मावशीला उत्तर देतेय, मग येते." सांगितलेलं काम झालं की फोन पालथा ठेवा. ती मिनिटं मोजेल, आणि सहावं मिनिट झालं की आठवणही करून देईल. तेव्हा चिडू नका, उठा.